क्रोमला खारी हवा बाधते

बाळाच्या खोलीतलं ओल शोषणारं यंत्र गॅरेजमध्ये नेताना नवरा म्हणाला होता, "दोनच दिवस गं." त्याला आता तीन महिने होत आले होते.

घर समुद्राला लागून. खाऱ्या हवेनं बिजागऱ्या करकरत, खिडकीचे गज सोलून निघत, बाळाच्या उशाशी भिंतीला काळी बुरशी धरे. नवऱ्याला मात्र काळजी एकच: जुन्या गाडीच्या इंजिनावर हौसेनं बसवलेल्या क्रोमच्या झाकणांची. रोज बॉनेट उघडून तो त्यांत स्वतःचं तोंड पाहायचा, गंजाचा ठिपका शोधायचा, मेण चोळायचा.

"याचं नाकसुद्धा मी कधी इतकं पुसलं नसेल," सासूबाई म्हणायच्या.

गॅरेजच्या फटी बुजल्या. मऊ फडकं हवं म्हणून बाळाचे लंगोट गेले. ती मोजायची, कमी भरायचे, आणि तो म्हणायचा, "तुला सगळ्यातच संशय!"

त्या सकाळी बाळाची छाती घरघरायला लागली. त्याला दुपट्यात गुंडाळून ती गॅरेजकडे धावली. "गाडी काढ, डॉक्टरकडे जायचंय!"

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. बाळ खोकलं. इंजिन गप्प झालं. बाळ झालं नाही.

"अरे हो," तो कपाळावर हात मारत म्हणाला, "हवेच्या नळीत बोळा कोंबलाय. खारी हवा आत जाऊ नये म्हणून."

"कसला बोळा?"

"लंगोटाचा. धुतलेलाच होता."

ओढायला गेला तर बोळा आणखी आत सरकला. "पाचच मिनिटं दे. घाई केली तर क्रोमला ओरखडा येईल."

ती टॅक्सीनं गेली. तो लंगोटापाशी थांबला.

"ओलीनं झालंय हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र घ्या म्हटलं होतं ना?"

"घेतलंय."

"मग?"

"इंजिनाला लावलंय."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. औषध मात्र बाळापुरतंच लिहिलं.

ती परतली तेव्हा नवरा लांब चिमटा आणायला बाजारात गेला होता. गॅरेजमध्ये यंत्र गुणगुणत होतं. हवा कोरडी, उबदार; कुठे फट म्हणून नाही. वर खोलीतली भिंत सुकायलाच आठवडा गेला असता.

"आई, जरा हात लावता का?"

"पाळण्याला की गाडीला?"

"आधी गाडीला."

दोघींनी गाडी ढकलत रस्त्यावर नेली. तोंड समुद्राकडे. बॉनेट उघडंच राहिलं. तेवढ्यासाठी कोण परत जाणार? तेलाचा वास जाईपर्यंत सासूबाईंनी फरशी घासली, यंत्रानं ती सुकवली, मग पाळणा आत आला.

नवरा चिमटा घेऊन आला आणि रस्त्यातच ओरडला, "अगं, खारं वारं सुटलंय! क्रोमची वाट लागेल!"

"हळू बोल. आत्ता डोळा लागलाय त्याचा."

त्यानं आत डोकावून आधी यंत्राकडे पाहिलं, मग बाळाकडे. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"किती दिवस?"

"दोनच दिवस रे," ती म्हणाली, आणि तिनं आतून कडी लावली.