दार आणि दोन माणसं

"दोन बैठका! तिसरी लागली तर नाव बदलीन!" असं मास्तर सगळ्यांना सांगत सुटले होते. घटस्फोटाला लोक वर्षं घालवतात म्हणे, आपला मात्र वकीलबाईंकडे दोन भेटींत उरकणार. मास्तर गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असे, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपल्या पायाखाली आहे असं त्यांना वाटायचं.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ठरल्या वेळी ती वकीलबाईंच्या आतल्या खोलीत मास्तरांशेजारी येऊन बसली आणि तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली. वकीलबाईंचा फोन वाजला. "आलेच हं," म्हणून त्या बाहेर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

तेवढ्यात ठिणगी पडली!

"निदान आज तरी माझ्या वतीनं बोलू नकोस," बायको म्हणाली.

"मग तूच बोल! मी निघालो!" मास्तर उठले आणि त्यांनी दाराची मूठ हिसडली. मूठ हलता दात निघावा तशी अलगद हातात आली. दुसरी बाहेरच्या फरशीवर खणकन पडली. दार मात्र ढिम्म!

"अगंबाई!" बाहेरून वकीलबाई ओरडल्या. "थांबा, सुताराला बोलावते!"

सुतार गर्दीत अडकला होता. वकीलबाई मात्र वेळ वाया घालवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी दाराला तोंड लावून सल्ला सुरू केला. "पहिला मार्ग, परस्पर संमती! दोघांनी मिळून अर्ज करायचा!"

"मिळून काही करता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" मास्तर आतून ओरडले.

"दुसरा, एकानं दुसऱ्यावर दावा लावायचा! त्याला कारण लागतं, पुरावे लागतात!"

"पुरावे आहेत का हो?" बाहेर ताटकळलेल्या एका आजोबांनी उत्सुकतेनं विचारलं.

"पोत्यानं आहेत!" बायको म्हणाली.

"तिसरा, कायदेशीर विभक्त राहणं! लग्न कायम, संसार वेगळा!"

"म्हणजे आमच्यासारखंच की," आजोबा पुटपुटले. पाठोपाठ "आई गं!" ऐकू आलं; शेजारी बसलेल्या आजींनी चिमटा काढला असावा.

"आणि चौथा, मध्यस्थी! तिऱ्हाइतासमोर बसून बोलायचं! त्यातून जुळेल, नाहीतर निदान भांडण न करता सुटेल!"

एवढ्यात नव्यानं आलेल्या एका बाईनं बंद दार पाहिलं, मास्तरांचा चढा आवाज ऐकला आणि किंकाळी फोडली. "अहो, त्यानं बायकोला कोंडलंय!"

झालं! रखवालदार धावला, वरच्या मजल्यावरचे कारकून धावले. दारावर धक्के बसू लागले. "सोड तिला! पोलिसांना बोलावू!" मास्तरांना दरदरून घाम फुटला. हातातली मूठ त्यांनी पाठीमागे लपवली, जणू चोरीचा मालच!

"मला कुणी कोंडलेलं नाही!" बायको एवढ्या जोरात ओरडली की बाहेर एकदम शांतता झाली.

मास्तरांना भरून आलं. "वाचवलंस," ते म्हणाले.

"या खोलीत नाही कोंडलंस, म्हणून," ती हळूच म्हणाली.

मास्तर पुन्हा दाराकडे वळले. जायला दार नव्हतं. ते बसले.

"नव्या शाखेची प्रमुख करणार होते मला. दुकानाच्या मालकांचा फोन तू घेतलास आणि सांगून टाकलंस, 'तिला लांब पडेल.' मला हे सहा महिन्यांनी कळलं. तेही मालकांकडून."

"तू दमशील असं वाटलं गं."

"दमले असते. पण माझी मी दमले असते."

आपण तिला सांभाळतोय, हेच मास्तरांना आजवर वाटत आलं होतं. हातातली मूठ त्यांनी खाली ठेवली. "चुकलो," ते म्हणाले.

सुतारानं दार उघडलं तेव्हा बाहेर जत्रा जमली होती. "काय ठरलं?" वकीलबाईंनी विचारलं. मास्तर सवयीनं सांगू लागले, अडखळले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मध्यस्थी," ती म्हणाली. "आणि तोवर मी बहिणीकडे राहीन."

मास्तरांना वाटलं होतं, आता घरीच जायचं! तरी ते म्हणाले, "बरं."

"छान. मात्र तोवर एकमेकांना फोन करू नका, पुन्हा भांडाल," वकीलबाई म्हणाल्या.

"फोन तर करावाच लागेल!" दोघंही एकदम म्हणाली.

"बघा, झाली की परस्पर संमती!"

मास्तर खो खो हसले. बायको हसली नाही. मग मास्तरांनीही हसू आवरलं आणि ती जिना उतरू लागली तसे मुकाट्यानं तिच्यामागून, एक पायरी राखून, उतरू लागले.