आत्याची चोच

टक्.

घर इतकं शांत होतं की हा एवढासा आवाज बाथरूममध्ये कपडे भिजवणाऱ्या आईलाही ऐकू आला. भिंगरीच्या जेवणाच्या वेळी घर शांत असणं म्हणजे काहीतरी फुटलेलं तरी असायचं, नाहीतर फुटायच्या बेतात तरी. आई साबणाच्या हातांनीच बाहेर धावली.

काहीच फुटलं नव्हतं. भिंगरी खुर्चीत बसली होती. जेवताना बसली होती, हेच नवल. समोर आत्या, आणि आत्याच्या हातात दोन लांब लाकडी चॉपस्टिक्स. त्यांची टोकं एकमेकांवर आपटली, टक्, की भिंगरी आ करायची. काड्या ताटलीत उतरायच्या, एक वाटाणा उचलायच्या आणि अलगद त्या उघड्या तोंडात नेऊन ठेवायच्या. वाटाणा चावला जायचा. गिळलाही जायचा.

"आत्याला चोच आहे," भिंगरीने भरल्या तोंडाने आईला माहिती दिली.

ताटली जवळजवळ रिकामी होती. भात गेला होता, गाजर गेलं होतं, आणि ज्याच्याकडे भिंगरी एरवी शत्रूकडे बघावं तसं बघायची तो दुधी रंगाचा फ्लॉवरसुद्धा गेला होता.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हतं. ते जेवणामुळे पडलेलं नाव. पहिला घास ओट्यापाशी, दुसरा पलंगाखाली, तिसरा पडद्यामागे, असं घरभर फिरत तिचं जेवण चालायचं आणि ताटली घेऊन मागे आई. जेवण संपेपर्यंत भिंगरीच्या पोटात चार घास आणि आईच्या पोटात गोळा. पण आई ते सगळं अभिमानाने करत होती. माझ्याशिवाय ती कुणाकडून जेवतच नाही हो, असं ती सगळ्यांना सांगायची. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण ऐकणाऱ्याला कळायचं की बाई मिरवते आहे.

आणि आता हे.

आत्या म्हणजे आईच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिच्या कंपनीने तिला बरीच वर्षं लांबच्या एका देशात ठेवलं होतं, जिथे लहानथोर सगळे काड्यांनीच जेवतात. आता ती परत आली होती आणि तिच्या घराची रंगरंगोटी होईपर्यंत यांच्याकडे राहणार होती. स्वतःचं ताट स्वतः घासायची, वाळलेले कपडे न सांगता घडी करून ठेवायची, कधी वाकडा शब्द नाही. राग यावा असं तिच्यात काहीच नव्हतं, आणि आईला नेमकं तेच जड जात होतं.

"द्या ताई, मी भरवते थोडं," आई हात पुसत म्हणाली.

आत्याने लगेच काड्या दिल्या. वर प्रेमाने समजावूनही सांगितलं की खालची अजिबात हलवायची नाही, वरची पेनासारखी धरायची, सोपं आहे. आईने पहिला वाटाणा उचलला. तो नवऱ्याच्या चहात पडला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, वर गेलेली वस्तू खाली येणं यात त्याला काही विशेष वाटायचं नाही. त्याने चमच्याने वाटाणा बाहेर काढला आणि पेपर वाचत राहिला. दुसरा वाटाणा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. तिसरा भिंगरीच्या हनुवटीपर्यंत पोचला आणि तिथून फ्रॉकमध्ये उतरला.

भिंगरीने आईचा हात थोपटला. आजारी माणसाचा थोपटतात तसा.

"राहू दे आई. तू कपडे धू."

आई कपडे धुवायला गेली. त्या दिवशी कपडे फार स्वच्छ निघाले.

तिला लागलं होतं ते वेगळंच. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. श्वास लागला तरी उडून जाईल असा स्क्रू ती चिमट्याने उचलायची आणि त्याच्याहून बारीक भोकात बसवायची. दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या बाईंच्या हातात जादू आहे. त्या हाताला वाटाणा उचलता येऊ नये? वाटाणा तर केवढा मोठा असतो.

घरी सराव करणं शक्य नव्हतं. काड्यांची एकच जोडी, आणि ती आत्या धुऊन, पुसून कापडी पिशवीत ठेवायची. शिवाय आत्याने पाहिलं असतं तर ती पुन्हा प्रेमाने समजावून सांगायला बसली असती. वाटाण्यांपेक्षा आईला त्याचीच धास्ती होती.

अशात एका सकाळी आत्याने स्वतःहून आपला चष्मा तिच्या हातात ठेवला. "एक दांडी लटलट करते बघ. तुझ्या दुकानात जरा घट्ट करून आणशील?"

चष्मा जवळचं बघण्याचा होता. तो नसला की आत्याला रस्त्यापलीकडची पाटी वाचता यायची, पण हातातलं पुस्तक म्हणजे नुसतं धुकं. आईने चष्मा पर्समध्ये टाकला. काम चुटकीसरशी होणारं होतं. दुकानात जाईपर्यंत मात्र तिच्या मनात एक विचार शिरला आणि बाहेर पडायचं नाव घेईना. पुस्तक जवळ असतं. वाटाणाही जवळ असतो. भिंगरीचं तोंडही जवळच असतं.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं की त्या मापाचा स्क्रू संपलाय, मागवावा लागेल. स्क्रूच्या बाबतीत ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

आत्या म्हणाली, काही घाई नाही गं. आणि जेवायच्या वेळी भिंगरीसमोर बिनचष्म्याची बसली.

आई दारात उभी राहिली, हरणाऱ्याचं सांत्वन करायला तयार असलेल्या चेहऱ्याने. टक्. काड्या ताटलीत चाचपडल्या, गाजराची फोड घेऊन वर आल्या आणि भिंगरीच्या कानाकडे निघाल्या. भिंगरीने मान वळवून ती फोड हवेतच पकडली. पुढचा घास कपाळाच्या दिशेने आला. भिंगरी खुर्चीवर उभी राहिली आणि तोही खाल्ला. चोच आज लपाछपी खेळतेय, असं तिने जाहीर केलं. ती हसत होती, आत्या हसत होती, नवरासुद्धा पेपर खाली ठेवून हसत होता. भिंगरीने भात परत मागून घेतला. परत. भात. आईने हे शब्द तिच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते.

म्हणजे चष्मा अडकवून ठेवल्याने आत्याचा भाव आणखीच वधारला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आई दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडून बसली. डब्यात मुद्दाम उकडलेले वाटाणे आणले होते. पुढ्यात आत्याचा चष्मा. सुटी केलेली दांडी तिने हातात घेतली, वजन पाहिलं, आणि मग दुसरीही काढली. लांब, सडपातळ, बोटांत बसणाऱ्या. खालची अजिबात हलवायची नाही. वरची पेनासारखी.

आणि वाटाणा उचलला गेला.

आईने दोन्ही दांड्या स्वच्छ धुतल्या, पुन्हा उचलला. पुन्हा जमलं. रोज दुपारी दार लोटून तिचा सराव सुरू झाला. कानामागे बसण्यासाठी दांडीचं टोक किंचित वळलेलं असतं, त्या वळणात वाटाणा कसा छान विसावतो, याचं तिला मोठं कौतुक वाटलं. यात आपल्या हाताचं कौशल्य किती आणि वळणाचं किती, हा प्रश्न काही तिला पडला नाही.

सराव संपवायच्या दिवशी तिने वाटाणा नुसता उचलला नाही, तर सरळ स्वतःच्या तोंडापर्यंत नेला. डोळे मिटले. समोर भिंगरी आ करून बसली आहे असं तिला दिसत होतं. तेवढ्यात दार उघडलं. मालक. आई दचकली आणि तिने वाटाण्यासकट दांडीचं टोक कचकन चावलं.

मालकांनी डबा पाहिला, दांड्या पाहिल्या.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "आपण फक्त डोळे तपासतो."

ते गेल्यावर आईने दांडी उजेडात धरली. टोकाच्या मऊ प्लास्टिकवर तिचे दात उमटले होते. तिचा वरचा एक दात जरा पुढे आलेला होता. भिंगरीला झोप येताना त्याच दातावरून बोट फिरवायची सवय, तो घरातला लाडका दात. त्याने प्लास्टिकमध्ये खोल टिंब पाडलं होतं आणि शेजारी बाकीच्या दातांची रेघ. आईने घासलं, गरम केलं, चिमट्याने दाबलं. टिंब हलेना. शेवटी तिने स्वतःला समजावलं की हे कानामागे जाणार, कुणाला दिसतंय. तिने चष्मा जोडला, स्क्रू पिळून घट्ट केले आणि घरी नेला. आत्याला चष्मा परत मिळाला तरी आता तिला भीती उरली नव्हती. तिला वाटाणा येत होता.

आत्याने खूश होऊन चष्मा घातला, कानामागे बोट फिरवलं आणि थांबली. "इथे काहीतरी खडबडीत लागतंय गं." बघण्यासाठी तिने चष्मा काढला. चष्मा काढल्यावर अर्थातच तिला काही दिसेना. पुन्हा घातला, तर ती जागा कानामागे गेली. शेवटी नवऱ्याने चष्मा हातात घेतला आणि निदान केलं.

"दात आहेत हे. भिंगरे, आईच्या पर्समधून काढलास ना तू?"

भिंगरीने चष्मा घेतला, नीट पाहिला, दांडीला आपले दात लावून पाहिले. "माझे एवढे नाहीत," ती म्हणाली. पण मुलं असंच म्हणतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आत्या म्हणाली, असू दे रे, लहान आहे, आणि चष्मा पुन्हा घालून तिने भिंगरीची पापी घेतली. भिंगरी आईकडे बघत राहिली. आईने बोलायला तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच तिला वाटाणे गॅसवर असल्याचं आठवलं.

ताटली घेऊन ती आली ती ठरवूनच. आज चूक भरून काढायची. "ताई, आज मी भरवते," ती म्हणाली आणि काड्या अशा सराईत हाताने उचलल्या की आत्याच्या भुवया वर गेल्या. खालची स्थिर. वरची पेनासारखी. टक्. भिंगरीने आ केला.

वाटाणा निसटला. आईने दुसरा घेतला, तोही निसटला. काड्या सरळ होत्या. टोकाला वळण नव्हतं, वाटाण्याला विसावायला जागा नव्हती. आता कुठे तिच्या लक्षात आलं की ती इतके दिवस काय शिकली होती. भिंगरीचा आ तसाच होता. तिने तो मिटला नाही, मान इकडेतिकडे करून मदत करायलाही पाहिली, पण काड्यांत काही असेल तर ना. वाटाणे टेबलावरून घरंगळत राहिले आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटाण्यांसाठी कुणी रडत नाही, हे तिला कळत होतं.

भिंगरीने तोंड मिटलं. तिने आईच्या हातातून काड्या काढून घेतल्या, दोन्ही मुठींत एकेक धरली, जीभ बाहेर काढली, आणि एक वाटाणा दोन्हीकडून दाबून उचलला. आत्या पुढे झुकली. हे हिला कुणी शिकवलं, असं ती पुटपुटली, कारण तिने तर शिकवलं नव्हतं.

"आ कर," भिंगरी म्हणाली.

आईने आ केला. वाटाणा डुगडुगत आला, नाकाकडे वळला, आणि आईला कळायच्या आत तिची मान आपोआप वळली, जशी भिंगरीची वळायची. वाटाणा आत गेला. इतका गोड वाटाणा तिने कधी खाल्ला नव्हता. तो जाऊ नये म्हणून की काय, तिने काडीसकट तोंड घट्ट मिटलं.

"सोड ना," भिंगरीने काडी ओढून काढली. मग तिचं काडीच्या टोकाकडे लक्ष गेलं. ती काडी तिने दिव्याजवळ धरली. मऊ लाकडावर एक खोल टिंब होतं आणि शेजारी एक रेघ.

भिंगरी खुर्चीवरून उतरली. आत्याच्या मांडीवर चढली, तिच्या कानामागून चष्म्याची दांडी पुढे ओढली, काडी तिच्या शेजारी धरली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग आईच्या दाताकडे.

"आई, आत्याचा चष्मा तू खाल्लास?"

नवऱ्याने पेपर वर घेतला. आत्याने चष्मा काढला, दांडीकडे पाहिलं, तिला काही दिसलं नाही. तिने तो परत डोळ्यांवर चढवला आणि आईकडे पाहिलं. यावेळी तिला सगळं अगदी स्वच्छ दिसत असावं, कारण ती हसली नाही. तिने फक्त ताटली हळूच आईकडे सरकवली.

भिंगरी मांडीवरून उतरून आईपाशी आली. बोट लांब करून तिने त्या पुढे आलेल्या दातावरून फिरवलं, झोप आल्यावर फिरवायची तसं.

"एवढी भूक लागली होती तुला?"