घरटी एक बोट

ताप नसलेल्या लेकरांचं रक्त घ्यायचं, हे हिवताप खात्यात कामाला असलेल्या जानरावांनाच मनातून पटलं नव्हतं; ते गावाला काय पटवणार? पण बासष्ट साली वरून हुकूमच सुटला होता. हिवताप हटवायचा, तर धडधाकट पोरांच्या रक्तात लपून बसलेले जंतूही हुडकायचे.

संग्रामपूरजवळच्या एका गावात, शाळेच्या ओट्यावर जानराव मान खाली घालून बसले. यादीतलं नाव वाचायचं, पुढे आलेल्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर पसरायचा. माणसांच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाजच वाटे. ‘किसन रंगराव’ म्हटल्यावर हिरव्या बांगड्यांचा हात पुढे आला, तेव्हा ते चपापले. पण आपणच काहीतरी चुकीचं वाचलं असणार, असं समजून त्यांनी सुई टोचली.

पंधरा दिवसांनी साहेबांची जीप आली.

“जानराव, रंगरावच्या घरची चारही मुलं हिवतापाची! ही साथ आहे की तुमचा घोटाळा? घोटाळा असेल, तर उद्यापासून येऊ नका.”

जानराव साहेबांसोबत जीपमध्ये बसून रंगरावच्या घरी निघाले.

रंगरावच्या अंगणात तीन किडकिडीत लेकरं खेळत होती. थोरली कोकिळा डोक्यावर दोन हंडे घेऊन ताठ चालत आली. त्यांची आई बनाबाई भाकरी टाकून बाहेर आली.

“चौघायलेही हिवताप? अवो, रक्त तं एकट्या कोकिळेनं देल्लं!”

“चौघांचं?” साहेब ओरडले.

“मंग? लगनात आहेर घरातून एकच जन देते ना? हे तिघं काडीवानी. यायच्यात रक्त हाये कुठं? कोकिळा धट्टीकट्टी, म्हनून चार येळा तिलेच धाडलं.”

हंडे उतरवताना हिरव्या बांगड्या किणकिणल्या. जानरावांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र कोकिळेकडे बघतच राहिले.

“म्हणजे जंतू हिच्यातच दडलेत. जानराव, एका पोरीचं रक्त चारदा तपासलं, चारही वेळा सापडलं. काम पक्कं आहे तुमचं! आता त्या तिघांचं घ्या.”

जानरावांनी पेटी उघडली. किसननं भीतभीत बोट पुढे केलं.

“आधी तोंड दाखव,” जानराव म्हणाले, “मंग बोट.”

तिकडे साहेबांनी दिलेल्या हिवतापाच्या पुडीतली पहिली गोळी कोकिळेनं जिभेवर ठेवली आणि थू करून अंगणात टाकली. “मायवो! कडूजहर!”

“राहू दे, बाई,” बनाबाईनं उरलेली पुडी उचलली. “तुनं यायच्यासाठी रक्त देल्लं ना? आता तुह्या गोया हे तिघं खातीन.”