मावशीच्या पडवीतला पॉइंट

लवू गावड्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी साऱ्या आळीला ऐकवलं, "टाकी नाय, पंप नाय, कोणाचो उपकार नाय. घराकडे भरूची, हवी थंय जावची." बोलणारा असातसा नव्हता. एसटीत उभा जन्म मालवण–कोल्हापूर गाडी हाकून निवृत्त झालेला ड्रायव्हर होता. त्यामुळे कोल्हापुरात भाची प्राजक्ताचं लग्न ठरलं तेव्हा मामा कशाने येणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

पण ऐन निघायच्या आदल्या दिवशी लाइट गेली आणि गाडी निम्मीच भरली. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे अख्खा दिवस हाताशी. कसालला चुलतभाऊ गुरुदासाचं घर हायवेला लागूनच होतं. तिथे थोडा वेळ लावू, असं म्हणून लवूने पहाटेच गाडी काढली. गुरुदासाने विहिरीच्या पंपाची वायर काढून गाडीची लावली, आणि आत आंबोळ्यांचा तवा चढला.

इथवर सगळं सुरळीत होतं. माती खाल्ली ती लवूच्या बायकोने. सारिकाने गाडीचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गुरुदासभावोजींकडे आमची गाडी नाश्ता करते आहे.'

आंबोळी ताटात पडायच्या आत कणकवलीहून सारिकाच्या बहिणीचा, सलोनीचा फोन आला. दिराकडे चालतं आणि बहिणीकडे चालत नाही? आमच्याकडे काय कंदील लावून बसतात? आता आमच्याकडे एकाच्या घरी चहा घेतला की दुसऱ्याच्या घरी चहाबरोबर पोहेही खावे लागतात, हे कुणाला सांगायला नको. हा नियम गाडीलाही लागू होईल हे मात्र शोरूमवाल्यांनी सांगितलं नव्हतं. सलोनीने गाडीला वायर लावली, माणसांना बांगडे वाढले, आणि गाडी काठोकाठ भरेपर्यंत दोघांनाही सोडलं नाही.

राहता राहिलं घाटाच्या पायथ्याचं फोंडाघाट गाव. तिथे यशोदामावशी राहायची. लवूची आई लवकर गेली, तेव्हा त्याला उचलून घरी नेलं आणि वाढवलं ते ह्या मावशीने. तिच्या दारावरून तो एसटी नेतानाही हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नसे. आज तर थांबायचंच होतं.

लवूने पडवीत पाऊल टाकलं. भिंतीवर नवाकोरा पॉइंट होता, पंधरा अँपियरचा, खास त्याच्या गाडीसाठी वायरमन बोलावून बसवलेला. त्यावर हळदकुंकवाची बोटं उठली होती. आत नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या तयार होत्या.

लवूने निमूट वायर जोडली. कणकवली ते फोंडाघाट रस्ता तो केवढा! गाडीच्या पोटात घासभर जागा. पहिली खापरोळी संपते न संपते तोच गाडी 'झालं' म्हणून मोकळी झाली. मावशी पडद्यावरचा आकडा बघत राहिली.

"गुरुदासाकडे जेवली, सलोनीकडे जेवली," ती हळूच म्हणाली, "आणि माझ्याकडे हात धुवक इली."

लवूने वायर गुंडाळली. मावशीने प्राजक्तासाठी साडी दिली, नारळ दिला, आणि वर बजावलं, "येताना गाडी उपाशी घेवन ये. नायतर माझ्या दारात उभी करू नको."

मामा मुहूर्ताला पोचला. अंतरपाट त्यानेच धरला, भाचीला बघून रडलाही पोटभर. पण अक्षता संपल्या तरी त्याच्या डोळ्यांपुढे ते हळदकुंकू होतं. त्यात व्याह्यांच्या कानावर गाडीची ख्याती गेलेली. मामांच्या गाडीची आबाळ व्हायला नको, म्हणून त्यांनी ती परस्पर हॉलच्या मागे नेऊन रात्रभर वायरीला लावून ठेवली. सकाळी गाडी शंभर टक्के! लवूने कपाळाला हात लावला.

मग कोल्हापूरकरांनी एक अजब मामा पाहिला. जो भेटेल त्याला गाडीत घालून हा रंकाळ्याला फेऱ्या मारतोय, एसी कडाक्याचा आणि चारी काचा उघड्या. व्याही म्हणाले, दिलदार माणूस. सारिका शाल पांघरून बसली होती, तिचं मत वेगळं होतं.

दुपारी राधानगरी मागे पडली तेव्हा आकडा बराच खाली आला होता आणि लवू शीळ घालत होता. मग घाट लागला. उतारावर पाय आवरला की ही गाडी स्वतःच वीज करून पोटात घालते. एका वळणाला एक टक्का वाढला. पुढच्या उतारावर आणखी एक. लवूने दिवे लावले, वायपर फिरवले, एसी शेवटापर्यंत वाढवला. आकडा चढतोच आहे! त्या घाटाने उभ्या जन्मात त्याला एवढा घाम फोडला नव्हता. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली, सगळं चालू ठेवलं, आणि बॉनेटला टेकून आकडा उतरायची वाट बघत उभा राहिला.

खालून जांभा दगड घेऊन एक ट्रक आला. ड्रायव्हरने भर उन्हात पेटलेले दिवे बघितले, फिरणारे वायपर बघितले, आतली शालीतली बाई बघितली. त्याला दया आली. ट्रक थांबवून त्याने डोकं बाहेर काढलं. "काय ओ काका, चार्जिंग संपला?"

लवूने मान वर केली नाही.

"नाय रे बाबा," तो म्हणाला, "संपणा नाय."