देवरे सरांचे चार रविवार

सोमवार, सकाळी साडेदहा. उपस्थित: देवरे सर, पीएच.डी. करणारी मृणाल, मी आणि चोवीस उंदीर.

उंदरांची नोंद मी माझ्या मनाने केलेली नाही. "ज्यांच्याविषयी बोलायचं, तेच यादीत नाहीत?" असं देवरे सरांचं म्हणणं. आमच्या फार्मसी कॉलेजात ॲनिमल हाउस माझ्याकडे आहे. पिंजरे, भुसा, खाद्य, रजिस्टरं सगळं मीच बघते. सर म्हणाले, मी लिहिलं.

सर औषधशास्त्र शिकवतात आणि तुलनेशिवाय काहीही मान्य करत नाहीत. मिसळ खायला गेलो की आधी बिनतर्रीची प्लेट मागवतात. "हिच्याशी ताडून बघितल्याशिवाय ती तिखट कशावरून?" कॉलेजसमोर दिंडोरीची एक बाई द्राक्षं घेऊन बसते. रंगाचा प्रभाव पडू नये म्हणून सर तिच्या दोन्ही टोपल्यांतला एकेक मणी डोळे मिटून खातात. एकदा ती ओरडलीच, "ओ सर, झोप लागली का? घ्यायची का नाय ते सांगा, मागं गिऱ्हाईक हाय!"

अशा माणसाच्या हाताखाली मृणालचा प्रबंध. फिट येऊ नये म्हणून देतात ते एक औषध नैराश्यावरही चालतं का, हे उंदरांवर पाहायचं. त्यासाठी आधी उंदीर उदास करायचे. कसे, त्याची यादी सरांनी स्वतः केली: भुसा ओला, पिंजरा तिरका, आणि प्रत्येक उंदीर एकटा. अर्ध्यांना औषध द्यायचं, अर्ध्यांना नाही. चार आठवड्यांनी प्रत्येकापुढे दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. उदास उंदराला गोडाची ओढ राहत नाही. म्हणजे औषधवाले साखरेकडे वळायला हवेत आणि बाकीचे नकोत.

त्या सोमवारी बाटल्या मोजल्या. साखरेचं पाणी सगळ्यांनीच संपवलं होतं. औषधवाल्यांनी संपवलं, बिनऔषधवाल्यांनीही संपवलं.

"मॅडम, पिंजऱ्यांचे नंबर तर नाही ना चुकले?" मृणाल रडवेली झाली. दिवाळीपर्यंत प्रबंध दिला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती.

माझे नंबर चुकत नाहीत. मी फाटकावरचं रजिस्टर मागवलं. चारही रविवारी नाव एकच. आत अकरा, बाहेर चार. कारण: निरीक्षण.

"सर, पाच पाच तास निरीक्षण?"

सर चष्मा पुसायला लागले. "एकटे ठेवले होते ना ते. म्हटलं, जरा बोलावं."

"सर, एकटं ठेवायची अट तुमचीच होती!" मृणाल म्हणाली.

"हो. अट बरोबरच आहे."

"आणि भुसा?" मी विचारलं.

"थोडा बदलला. फारच ओला होता हो."

"पण उंदरांशी बोलायचात तरी काय?"

"काही नाही. आठवडाभराचं."

मृणाल कॅलेंडर उघडून आठवडे मोजायला लागली. सरच म्हणाले, "लिहा मॅडम. मार्गदर्शकाची चूक. प्रयोग पुन्हा." दिवाळीपर्यंत तो जेमतेम बसत होता. प्रयोगाची खोली आणि शेजारची, जिथे धडधाकट उंदीर वाढवतो ती खोली, दोन्हींना रविवारी कुलूप लावायचं, किल्ल्या माझ्याकडे, हेही ठरावात त्यांनीच लिहायला सांगितलं.

पुढच्या रविवारी मी कुलपं घेऊन गेले. प्रयोगाची खोली बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली. शेजारच्या खोलीतून आवाज येत होता. वर्गात छापल्यासारखं मराठी बोलणारे आमचे सर आत अहिराणी बोलत होते.

"काय भाऊ, बरं शे ना? वरणमा मीठ जास्त पडनं रे आज."

मग बसमध्ये जागा न मिळाल्याचं, मग खालच्या मजल्यावरच्या गळक्या नळाचं. सरांची आई सटाण्याकडची, तिची बोली हीच. मागच्या वर्षी ती गेली, तेव्हापासून घरात दुसरं कुणी नाही.

मी दाराशी थोडी थांबले आणि परत आले. सोमवारी त्या खोलीतलं मोडकं स्टूल काढून पाठीची खुर्ची ठेवली.

मृणालचे उंदीर या वेळी नियमाप्रमाणे उदास आहेत. ठरावातलं दुसरं कुलूप मात्र अजून बसवायचं राहिलं आहे.