दोरमास्तरांची चौथी नळी

या मायबाप, जवळ सरका. मागल्यांनी पुढे यावे, खोकायचे त्यांनी आत्ताच खोकून घ्यावे. जी कथा भल्याभल्यांनी लाजेस्तव गिळून टाकली ती आज सांगणे आहे. हसलात तरी परमेश्वर रागावणार नाही, कारण मुख त्यानेच दिले आणि आतडेही त्यानेच दिले.

तर ऐसे जे, अखंडचढउतारधुरंधर, लोहरज्जुपरीक्षक, राजमान्य राजश्री दोरमास्तर हे लिफ्टा तपासणारे थोर सरदार होते. उंच उंच इमारतींचे दोर, चाके, ब्रेक त्यांच्या नजरेखालून जात, आणि त्यांनी मान हलविल्यावाचून लिफ्ट जमीन सोडीत नसे. त्यांची पन्नाशी उलटली तेव्हांपासून दर दोन वर्षांनी आरोग्यखात्याच्या दरबारातून खलिता येई. आत एक चिमुकली नळी, झाकणास चिकटलेली काडी, आणि फर्मान की शौचाचा कणभर नमुना काडीने टिपावा, नळीत कैद करावा आणि टपालाने रवाना करावा, म्हणजे आतड्यात दगाबाज कर्करोग दबा धरून आहे की काय याचा सुगावा लागेल. मास्तरांनी तीन वेळा नाक दाबून मोहीम फत्ते केली आणि तिन्ही वेळा 'काही आढळले नाही' ऐसा निर्वाळा आला.

मग चौथा खलिता आला, आणि स्वारीने तो न फोडताच फ्रिजवर भिरकाविला. त्यांच्या सौभाग्यवती बाईसाहेब, ज्यांच्या हुकुमाशिवाय त्या घरी पंखाही फिरत नसे, त्यांनी जाब विचारला, तेव्हां मास्तर वदले, "तीनदा पास झालोय मी. आता काय पदवी देणार आहेत का?"

बाईसाहेब कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या बँकेची लिफ्ट मागच्या साली पास झाली होती ना? मग परवा कशाला गेला होतात? वारा खायला?"

"अगं, दोर झिजतो!"

"आणि तुम्ही?"

ऐसा वर्मी घाव बसला. मास्तरांनी फ्रिजवरचा खलिता उतरवोन फोडला, आणि दुसरे दिवशी सकाळी मोहिमेवर निघाले.

नमुन्यास पाण्याचा स्पर्श होऊ नये ऐसा दंडक, म्हणोन आइसक्रीमचा रिकामा डबा तैनात केला. चष्मा चढविला, हातमोजे चढविले, आणि सवयीने संडासाच्या दारावर कामावरची पाटी अडकविली: 'तपासणी चालू. वापरू नये.' नेमके तेच समयी बाईसाहेबांचे धाकटे बंधू पाहुणे आले होते आणि दोन पेले चहा रिचवोन बसले होते. ते पाटीपुढे एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले आणि मग धीर खचोन आर्जवू लागले, "भाऊजी, आटपा हो! मी काही लिफ्ट नाही, मला मधेच थांबता येत नाही!"

आतून आदेश आला की खात्री पटल्याशिवाय दार उघडणार नाही. मेहुणे शेजाऱ्यांच्या आश्रयास पळाले. काडी फिरली, नळी बंद जाहली, वर तारीख पडली, आणि मास्तर रणांगणातून घामाघूम होत्साते बाहेर आले. बाईसाहेबांनी तो डबा चिमटीत धरोन बाहेरच्या बाहेर देशोधडीस लाविला.

मग एके दुपारी फोन आला. दरबारची परिचारिका सौम्य स्वरे बोलली की नमुन्यात रक्ताचा अंश दिसतो, याचा अर्थ कर्करोगच ऐसे नव्हे, परंतु दुर्बीण घालोन आत पाहणे जरूर आहे. मास्तरांनी फोन ठेविला आणि विसाव्या मजल्यावरील पोकळीत बेधडक डोकावणारा तो गडी खुर्चीचा हात घट्ट धरोन बसला. बाईसाहेब शेजारी येऊन बसल्या. मग त्यांनी एवढेच म्हटले, "मी आहे."

दुर्बिणीपूर्वी आतडे साफ करण्याचे औषध प्राशन करावे लागले, तो प्रसंग काय वर्णावा! पोटात तोफखाना सुटला, स्वारीचा मुक्काम सिंहासनीच पडला, आणि मास्तर परमेश्वरास विनवू लागले की देवा, आत आता फक्त मीच उरलो आहे. मग इस्पितळात भूल दिली, दुर्बिणीचा जासूद मागल्या वेशीने शिरला, आणि आडवळणी दडलेला मांसाचा एक कोंब त्याने धरला आणि जागीच छाटला. पुढे प्रयोगशाळेचा निर्वाळा आला की कोंबात कर्करोग नाही. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर सापडला. असाच राहता तर पुढेमागे वैरी होऊ शकला असता. आता तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण."

मास्तरांनी हुज्जत घातली नाही. बाईसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि पदराने डोळे टिपताना त्यांना हसू आवरेना.

येणेप्रमाणे चौथी मोहीम फत्ते जाहली, शत्रू बाळपणीच जेर जाहला, आणि दोरमास्तर आजमितीस सहकुटुंब सुखरूप आहेत, ऐसी नोंद सर्वांस कळावी. आता उठता उठता एवढे करा, मायबाप: तुमच्या माणसांत असा एखादा असेलच, ज्याने एकदा-दोनदा नळी धाडली आणि मग 'पुरे झाले' म्हणोन हात झटकले. घरी जाताना त्याची आठवण ठेवा, आणि ही चौथ्या नळीची कथा त्याच्या कानी घाला.