रोज बोलणारा खासदार

पाहुणा निवडावा तर मी! न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळात हे खातं माझ्याकडे होतं आणि त्याचा मला माफक माजही होता. यंदा गणपतीला मी थेट खासदारच आणायचं ठरवलं.

"बोलतात ना नीट?" अध्यक्ष कल्याणीताईंनी विचारलं. "गेल्या वर्षीचा तुझा पाहुणा स्टेजवरच झोपला होता. या वेळी फजिती झाली तर हे खातं तुझ्याकडून जाईल हं, श्रीनाथ."

"ताई, मी संसदेची वेबसाइट बघितलीय. बाकीचे महिन्यातून एकदा तोंड उघडतात. आमच्या मर्विनसाहेबांचं नाव रोज आहे. दुपारी बोलतात, संध्याकाळीही बोलतात."

"काय बोलतात ते वाचलंस का?" माझी बायको मृदुला म्हणाली.

"भाषणं कोण वाचतं? ती ऐकायची असतात."

गणपतीच्या दिवशी 'ते रापा' या उपनगरातला आमचा हॉल भरला. शाल-श्रीफळ झालं आणि मी पाहुण्यांचा परिचय करून द्यायला उभा राहिलो. त्यात आपला हातखंडा. पाहुण्यांना जन्माला घालून संसदेत पोचवेपर्यंत निम्मी मुलं बाहेर पळाली होती. शेवटी मी इंग्रजीत म्हणालो, "आता संसदेचा हा बुलंद आवाज आपल्याशी अर्धा तास बोलेल."

मर्विनसाहेबांनी माझी बाही ओढली. नारळ छातीशी धरून ते कुजबुजले, "मेट, मी पक्षाचा प्रतोद आहे. मतदान आलं की उभा राहतो, आमची मतं कोणत्या बाजूला ते सांगतो आणि बसतो. भाषणं दुसरे करतात."

म्हणजे त्या रोजच्या नोंदीत रोज तीच एक ओळ होती.

मर्विनसाहेब माइकपाशी गेले. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला. गणपतीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. "थँक्स हीप्स," असे इथल्या पद्धतीने आभार मानले आणि जाऊन बसले.

कल्याणीताई उठल्या, गोड हसल्या आणि पाहुण्यांनाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाल्या, "वेळ उरलाच आहे, तर एक ठराव मांडते. पुढच्या वर्षीपासून पाहुणे श्रीनाथने निवडू नयेत. ठरावाच्या बाजूने कोण?"

एकही हात वर गेला नाही. आपली माणसं ही! पुढच्या शनिवारी माझ्याच घरी जेवायला यायचं होतं, वाईटपणा कोण घेणार? माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात खुर्ची करकरली. 'बाजूने कोण' हे शब्द कानावर पडताच मर्विनसाहेब सवयीने ताडकन उभे राहिले होते. माइकची गरजच पडली नाही.

"आमची सगळी मतं बाजूने!" ते गरजले.

काय तो आवाज! हॉल टाळ्यांनी दणाणला. खुद्द खासदारच म्हणतायत म्हटल्यावर लोकांची भीड मोडली आणि भराभर हात वर गेले. मृदुलाचे तर दोन्ही.

खाली बसता बसता मर्विनसाहेब माझ्याकडे वळले. चेहरा नुसता फुलला होता. "बरं बोललो ना?" त्यांनी विचारलं.

"स्वीट अ‍ॅज, एकदम झकास," मी म्हणालो.